हिशेबाची वही आणि राज्याचा भार : नाना फडणवीस ह्यांचें चरित्र



गांवांतील कोणत्याही मंडळाची वही कोणाच्या हातीं द्यावयाची, हा प्रश्न निघाला म्हणजे सभा क्षणभर गप्प होते. भाषण करणारे पुष्कळ मिळतात, वर्गणी गोळा करणारेही मिळतात. परंतु जमा किती, खर्च किती व शिल्लक किती, हें दरमहा लिहून चारचौघांपुढें मांडणारा मनुष्य शोधावा लागतो. राज्याचेंही तसेंच आहे. तरवारीनें मिळविलेलें राज्य वहीवांचून टिकत नाहीं. आज ज्या पुरुषाचें चरित्र सांगावयाचें योजिलें आहे ते हिशेबनिसाच्या घरांत जन्मले, चौदाव्या वर्षीं हिशेबाच्या गादीवर बसले, आणि पुढें सुमारें पंचवीस वर्षें मराठी राज्याच्या जमाखर्चाचीं व मसलतीचीं सूत्रें त्यांच्याच हातांत राहिलीं. ते बाळाजी जनार्दन भानु, म्हणजेच नाना फडणवीस होत.

चाकूर, उदगीर व अहमदपूर ह्या आपल्या भागास हें चरित्र परकें नाहीं. उदगीरच्या किल्ल्याजवळ सन १७६० च्या फेब्रुवारी महिन्यांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला, आणि तीच विजयी फौज परतुराहून पानिपताकडे गेली. हा मुलूख पुढेंही सन १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं राहिला. तरी येथील चौथाईची बाकी किती वसूल झाली व किती राहिली, हें पुण्यास नानांच्या दप्तरांत लिहिलें जात असे. त्या बाकीवरूनच पुढें खर्ड्याची लढाई झाली. ती हकीकत योग्य स्थळीं येईल.

घराणें व बालपण

भानु घराणें मूळचें कोंकणांतील वेळास गांवचें. बाणकोटच्या खाडीजवळ हा लहानसा गांव आहे. शेजारच्या श्रीवर्धनास भट घराणें होतें. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या भयानें बाळाजी विश्वनाथ भट देश सोडून घाटावर आले, तेव्हां भानु बंधु त्यांच्या संगतीनें निघाले. सन १७१३ त शाहु महाराजांनीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिलें, आणि त्यांच्यामागोमाग फडणिशी भानूंच्या घराण्यांत आली. सन १७१९ त बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले असतां तेथें दंगा उसळला, व त्यांत नानांचे आजोबा बाळाजी महादेव मारले गेले. धन्यावर आलेलें मरण त्यांनीं आपल्या अंगावर घेतलें, असें परंपरेनें सांगतात. त्याच आजोबांचें नांव नातवास ठेविलें गेलें.

नानांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. ते अंगानें कृश होते. दांडपट्टा व घोडदौड ह्यांपेक्षां देवपूजा, वाचन व लेखन ह्यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. सन १७५६ त वडील जनार्दनपंत वारले, आणि चौदा वर्षांच्या ह्या मुलाच्या अंगावर फडणिशीचीं वस्त्रें आलीं. नानासाहेब पेशव्यांनीं त्यांस पुत्राप्रमाणें वागविलें, आणि विश्वासराव व माधवराव ह्या आपल्या मुलांबरोबरच त्यांचें शिक्षण होऊं दिलें. ह्या वयांत जें शिकावें तें नाना पेशव्यांच्या घरांत शिकले. कोणता सरदार कोणत्या गोष्टीनें रुसतो, कोणत्या कागदाचा पुढें काय उपयोग होतो, आणि कोणत्या वेळीं तोंड मिटून बसावें, हें सर्व त्यांनीं तेथें पाहून घेतलें.

पानिपतचा आघात

सन १७६० त भाऊंची फौज उत्तरेस निघाली, तेव्हां अठरा वर्षांचे नाना तिच्याबरोबर गेले. तीर्थयात्रा घडेल म्हणून त्यांनीं आपली आई व पत्नी ह्यांसही संगतीं घेतलें. त्या काळीं अशा मोहिमेंत यात्रेकरू मोठ्या संख्येनें असत, आणि फौजेस त्यांचें ओझेंही होत असे. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या मैदानावर जें झालें तें महाराष्ट्रांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. विश्वासराव पडले, भाऊ दिसेनासे झाले, आणि सायंकाळपर्यंत फौजेची दाणादाण उडाली.

नाना लढवय्ये नव्हते. ते जीव घेऊन निघाले, अंगावरचीं चांगलीं वस्त्रें टाकून दीन वेषानें पायीं चालत राहिले, उपाशी राहिले, आणि अनेक संकटांतून निसटून दक्षिणेस आले. पत्नीची पुढें भेट झाली; परंतु आई त्यांस पुन्हां दिसली नाहीं. हा घाव त्यांच्या मनांतून कधींच गेला नसावा. त्यांनीं आपल्या हातानें जें लहानसें आत्मचरित्र लिहिलें आहे, त्यांत बाळपणापासून पानिपतपर्यंतची हकीकत आहे. तारुण्यांतील आपले दोष व आपली भीति हीं त्यांनीं त्यांत झांकून ठेविलीं नाहींत. मोठ्या पदावर चढलेल्या माणसानें स्वतःविषयीं इतकें मोकळेपणें लिहावें, हें त्या काळीं विरळाच घडे. जमेच्या बाजूस जमा व खर्चाच्या बाजूस खर्च लिहिण्याची संवय त्यांनीं स्वतःच्या आयुष्यासही लाविली, असें ह्यावरून दिसतें.

फड व बेहेडा

त्याच वर्षीं जून महिन्यांत नानासाहेब पेशवे वारले, व सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसले. तिजोरी रिकामी होती, आणि डोक्यावर वडिलार्जित कर्जाचा बोजा होता. ह्या अकरा वर्षांत नानांची खरी घडण झाली. माधवराव स्वभावानें कडक व हिशेबास चोख होते. धनी स्वारीवर असतां पुण्यांतील दप्तर व खजिना ह्यांची व्यवस्था पुष्कळदां नाना पाहत.

आतां फडणीस म्हणजे कोण, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. फर्द म्हणजे यादी, व ती लिहिणारा तो फर्दनवीस. त्यापासून फडणवीस हा शब्द झाला असें सांगतात. आरंभीं हें पद मुजुमदाराच्या खालचें होतें. परंतु पेशव्यांच्या काळीं त्याचें महत्त्व वाढत गेलें. पुण्याच्या हुजूर दप्तरांत सुमारें दोनशें कारकून काम करीत. त्या दप्तराचीं निरनिराळीं खातीं असत. पहिलें खातें फड. तें खुद्द फडणिसाच्या नजरेखालीं चाले. सरकारांतून निघणाऱ्या सनदा, हुकूम व रकमा तेथें नोंदल्यावांचून पुढें जात नसत, आणि रोजच्या रोज रोजकीर्द लिहिली जाई. दुसरें खातें बेहेड्याचें. बेहेडा म्हणजे पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज. आज ज्यास आपण अंदाजपत्रक म्हणतों तोच हा प्रकार होय. तिसरें खातें सरंजामाचें. सरदारांस फौजेच्या खर्चासाठीं दिलेल्या मुलखाचा हिशेब त्यांत राही. चौथें एक बेरीज दप्तर. सर्व प्रकारचे हिशेब शेवटीं तेथें येऊन त्यांची खतावणी व गोषवारा होई, म्हणजे वर्षाची एकंदर जमा, खर्च व शिल्लक एका ठिकाणीं पाहावयास मिळे.

हें काम प्रत्यक्षांत कसें चाले तें पाहा. एखाद्या परगण्यावर कमाविसदार नेमला म्हणजे तो वसुलापोटीं कांहीं रक्कम आगाऊ भरी. तिला रसद म्हणत, आणि तिच्यावर त्यास व्याज मिळे. निघतांना त्याच्या हातीं परगण्याचा बेहेडा असे. अमुक गांवांकडून इतकी जमा यावी. शिबंदीस इतकें, किल्ल्यास इतकें, धर्मादायास इतकें द्यावें. अशी त्यांत मर्यादा घातलेली असे. वर्षाअखेर तो ताळेबंद घेऊन पुण्यास येई, व तो बेहेड्याशीं ताडून पाहिला जाई. अधिक खर्च केला असल्यास त्याचें कारण द्यावें लागे. शिवाय परगण्याच्या कचेरींत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत. त्यांस काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदारास नव्हता. ज्याच्या त्याच्या निशाणीवांचून कागद पुरा होत नसे. अर्थात् एकट्या माणसानें पैसा खाणें सोपें नव्हतें. खावयाचेंच झालें तर पुष्कळांस सामील करून घ्यावें लागे.

ह्या पद्धतीची मांडणी नानांच्या आधीं झालेली होती. परंतु ती वर्षानुवर्षें न चुकतां चालविणें हें नानांचें काम. पीक बुडालें, फौज मुलखांतून गेली, किंवा गांव ओसाड पडला, तर सारा सोडल्याच्या व शेतकऱ्यांस तगाई दिल्याच्या नोंदी पेशव्यांच्या रोजनिशींत आढळतात. वसूल करणाऱ्यास सूट केव्हां द्यावी हें कळलें पाहिजे, नाहींतर पुढील वर्षीं वसूल करावयास माणूसच उरत नाहीं. हें त्या दप्तरास कळत होतें.

तथापि एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. ह्या वह्यांत सर्वांचा घाम सारखा मोजला जात नव्हता. महार व इतर गोरगरीब जातींकडून किल्ल्यांचीं व सरकारी कामें वेठबेगारीनें करून घेतलीं जात. त्या दिवसांची मजुरी कोणत्याही खात्यावर त्यांच्या नांवें जमा पडली नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचे पणजे-खापरपणजे ज्या कष्टांत जगले, त्यांचा हिशेब त्या नीटनेटक्या मोडी अक्षरांत सांपडत नाहीं. नानांच्या गुणांचें कौतुक करितांना हें विसरून चालणार नाहीं.

बारभाईंचें कारस्थान

ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव थेऊर येथें क्षयानें वारले. त्यांच्यामागून बसलेले नारायणराव ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांच्या हातून मारले गेले, आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. तेव्हां सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके वगैरे मुत्सद्दी एकत्र झाले. ह्या मंडळासच बारभाई म्हणतात. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनीं पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेलें. तेथें ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म झाला. पाळण्यांतल्या बाळाच्या नांवानें राज्याचा कारभार सुरू झाला, आणि हिशेबनीस आतां राज्याचा रखवालदार बनला.

रघुनाथरावांनीं सन १७७५ त सुरत येथें मुंबईकर इंग्रजांशीं तह करून साष्टी व वसई देण्याचें कबूल केलें, आणि त्यांची मदत मागितली. येथून सात वर्षांचें युद्ध जुंपलें. सन १७७९ च्या जानेवारींत मुंबईची फौज घाट चढून आली, तेव्हां मराठ्यांनीं वाटेवरील रसद तोडली, व वडगांव येथें तिला शरण येणें भाग पडलें. नाना तरवार घेऊन मैदानांत उतरले नाहींत. परंतु फौजांस पैसा पोंचविणें, बातम्या मिळविणें, आणि हैदर, निजाम व नागपूरकर भोंसले ह्यांस एका कटांत गुंतविणें, हें त्यांनीं आपल्या बैठकीवरून केलें. त्यांचे बातमीदार सर्वत्र असत; दूरच्या दरबारांतील हालचाल थोड्याच दिवसांत त्यांच्या कानीं येई. शेवटीं ता. १७ मे १७८२ रोजीं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण रघुनाथरावांचा पक्ष त्यांनीं सोडला. ह्या तहावर शिक्का करण्यास नानांनीं उशीर लाविला, आणि हैदरअल्लीच्या मृत्यूनंतरच तो पुरा केला. घाईनें सही करावयाची नाहीं, ही हिशेबनिसाची संवय येथेंही दिसते.

ह्याच काळांत सत्तेची दुसरी बाजूही दिसूं लागली. नानांचे चुलतभाऊ मोरोबा ह्यांनीं सन १७७८ त रघुनाथरावांच्या बाजूनें उठाव केला. तो मोडून नानांनीं त्यांस अहमदनगरच्या किल्ल्यांत घातलें. पुढच्याच वर्षीं सखारामबापूंवरही तोच प्रसंग आला, व बारभाईंतील तो वृद्ध मुत्सद्दी कैदेंतच मरण पावला. बारा भाऊ म्हणून आरंभिलेल्या मंडळांत अखेर एकच भाऊ उरला.

खर्ड्याची बाकी

महादजी शिंदे सन १७९२ त पुण्यास आले. उत्तरेंतील मोहिमांचा खर्च सरकारानें द्यावा असें त्यांचें म्हणणें. तर जिंकलेल्या मुलखाचा वसूल आधीं दाखवावा असें नानांचें म्हणणें. एकाकडे रणांगणावरील रक्ताचा हक्क, दुसऱ्याकडे वहीचा हक्क. हा वाद बरेच दिवस चालला. ता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी पुण्याजवळ वानवडी येथें वारले. त्या दिवशीं नानांस बावन्न वर्षें पुरीं झालीं.

आतां निजामाकडील बाकीचा प्रश्न पुढें आला. चौथाई व सरदेशमुखी ह्यांची थकबाकी कोटींच्या घरांत गेली होती. पुण्याचे वकील गोविंदराव काळे हे हैदराबादेस हिशेब मागत, आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क उडवाउडवी करी. शेवटीं दोन्ही फौजा निघाल्या. जामखेडजवळ खर्डा येथें, आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावर, ता. ११ मार्च १७९५ रोजीं लढाई झाली. पेशवे, शिंदे, होळकर, भोंसले व पटवर्धन ह्या सर्वांच्या फौजा एका निशाणाखालीं आल्या. असें पुन्हां कधीं घडलें नाहीं. निजामानें खर्ड्याच्या गढीचा आश्रय घेतला, आणि तह करून दौलताबादेसह पस्तीस लक्षांचा मुलूख व तीन कोट रुपये देण्याचें मान्य केलें. दिवाण मुशीर-उल्-मुल्कास ओलीस म्हणून पुण्यास आणलें. नानांच्या भाग्याचा हा शिखराचा दिवस होता.

शिखरावरून खालीं

परंतु ज्या धन्यासाठीं हें सर्व चाललें होतें, त्याच्या मनाकडे नानांचें किती लक्ष होतें? सवाई माधवराव एकवीस वर्षांचे झाले, तरी राज्याचा कारभार त्यांच्या हातीं आला नव्हता. त्यांचें शिक्षण, भेटीगाठी, पत्रें, सर्वांवर नानांची करडी नजर असे. सांभाळणें व कोंडणें ह्यांतील रेघ कोठें ओलांडली गेली, हें नानांस कळलें नाहीं. ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं तरुण पेशवे शनिवारवाड्याच्या सज्जावरून खालीं पडले, आणि दोन दिवसांनीं वारले. तोल गेला कीं त्यांनीं आपण होऊन उडी घातली, ह्याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. खर्ड्यास आठ महिनेही झाले नव्हते.

पुण्याच्या बंदोबस्तांतही असाच एक डाग राहिला होता. शहराचा कोतवाल घाशीराम ह्याच्यावर नानांचा विश्वास होता. त्याच्या जुलमाविरुद्ध तक्रारी होत, तरी तो अधिकारावर राहिला. सन १७९१ त त्यानें परगांवच्या ब्राह्मणांस एका कोंदट जागेंत कोंडलें, आणि त्यांपैकीं कित्येक गुदमरून मेले. तेव्हां शहर खवळलें, व घाशीरामास दगडांनीं ठेंचून मारण्यांत आलें. कवडीकवडीचा हिशेब घेणाऱ्या नानांनीं आपल्याच कोतवालाचा हिशेब वेळेवर घेतला नाहीं.

सवाई माधवरावांच्या मागें वारस नव्हता. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव गादीवर येऊं नयेत म्हणून नानांनीं पुष्कळ खटपट केली. ती उलटली, आणि सन १७९६ त त्यांस पुणें सोडून महाडास पळून जावें लागलें. तेथून त्यांनीं इतक्या कारस्थानांचीं सूत्रें हलविलीं कीं अखेर बाजीरावांसच गादीवर बसवून ते पुन्हां कारभारी झाले. पण ह्यासाठीं कोणती किंमत द्यावी लागली? निजामाची मदत मिळावी म्हणून खर्ड्यास मिळविलेला मुलूख परत देण्याचें व राहिलेली बाकी सोडण्याचें त्यांनींच कबूल केलें. ज्या बाकीसाठीं हजारों माणसें रणांत उभीं राहिलीं, ती वसूल करणाऱ्यानेंच आपल्या गादीसाठीं खोडून टाकली. नानांच्या सर्व वह्यांत ह्याहून दुःखाची नोंद नसेल.

त्यानंतरही स्वस्थता लाभली नाहीं. ता. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं शिंद्यांच्या छावणींत भेटीस गेले असतां त्यांस दगा देऊन पकडण्यांत आलें. शिंद्यांच्या पदरीं असलेल्या एका युरोपी सरदारानें त्यांच्या सुरक्षिततेची हमी दिली होती. तोच विश्वासघातकी निघाला. नानांस अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेविलें. ह्याच किल्ल्यांत त्यांनीं वीस वर्षांपूर्वीं आपल्या भावास घातलें होतें. मोठी रक्कम भरल्यावर सन १७९८ त ते सुटले, व पुन्हां कारभार पाहूं लागले. परंतु शरीर खचलें होतें, आणि धनी व कारभारी ह्यांचा परस्परांवर विश्वास उरला नव्हता. ता. १३ मार्च १८०० रोजीं ते पुण्यास वारले. त्यांनीं अनेक विवाह केले, पण पुत्र राहिला नाहीं. मागें राहिलेली पत्नी जिऊबाई तेव्हां लहान मुलगीच होती. अशा वयाच्या मुलीशीं म्हाताऱ्यानें लग्न करावें, ह्यांत त्या काळास दोष दिसला नाहीं. आपणांस तो दिसलाच पाहिजे.

मागें काय राहिलें

इंग्रज वकील कर्नल पामर ह्यांनींही आपल्या सरकारास कळविलें कीं, नानांबरोबर पुणें दरबारांतील शहाणपण व संयम नाहींसे झाले. पुढील घडामोडी फार लवकर झाल्या. सन १८०२ च्या अखेरीस बाजीरावांनीं वसई येथें इंग्रजांशीं तह करून स्वातंत्र्य गमाविलें, आणि सन १८१८ त राज्यच गेलें. मध्यंतरीं दप्तराचीही दुर्दशा झाली. बेहेडा बाजूस पडला, आणि परगणे मक्त्यानें देण्याची रीत पडली. जो अधिक बोली बोलेल त्यास मुलूख. असा मक्तेदार एका वर्षांत रयतेस पिळून घेई, कारण पुढील वर्षीं तो असेलच असा नेम नसे. एल्फिन्स्टन ह्यांनीं सन १८१९ च्या अहवालांत मक्त्याच्या ह्या रीतीचे दुष्परिणाम नमूद केले आहेत. ज्या खेडुतास फड, बेहेडा हे शब्दही ठाऊक नव्हते, त्यास वही बंद पडल्याचें दुःख प्रथम भोगावें लागलें.

आज वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या कांठीं नानांचा वाडा व घाट उभा आहे. तेथें एक मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या पोर्तुगीज मंदिरांतून ती मराठ्यांच्या विजयानंतर आली असें सांगतात, आणि तिच्यावर माता मरिया व बालक येशू ह्यांची आकृति आहे. पुण्यांतील नाना पेठेस त्यांचें नांव आहे. परंतु त्यांचें खरें स्मारक म्हणजे पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल होत. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं सन १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढिले. राजे गेले, फौजा गेल्या, आणि कारकुनांनीं लिहिलेलें राहिलें.

आपल्यासाठीं बोध

वाचकहो, ह्या चरित्रांतून आपण काय घ्यावें? पहिली गोष्ट, हिशेब हें हलकें काम नाहीं. बचत गट असो, सोसायटी असो, कीं मंडळीची पेटी असो. वर्षाच्या आरंभीं बेहेडा करावा, वर्षाअखेर ताळेबंद मांडावा, आणि दोहोंतील फरकाचें कारण सर्वांस सांगावें. हें अडीचशें वर्षांपूर्वीं बोरूनें लिहून होत होतें. आज आपणांस सबब सांगतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट, एकाची सही पुरी समजूं नये. परगण्यांत आठ दरकदारांच्या निशाण्यांचा बंदोबस्त होता, म्हणून परगणा सांभाळला गेला. पण राज्याच्या अगदीं वरच्या टोंकास नाना एकटेच राहिले. तेथें त्यांच्या कागदावर निशाणी करणारा कोणी उरला नाहीं, आणि तेथेंच राज्य ढासळलें. जो मनुष्य प्रामाणिक आहे त्यासही तपासणारा पाहिजे. किंबहुना त्याला तो अधिक पाहिजे, कारण त्याच्यावर कोणी संशय घेत नाहीं.

तिसरी गोष्ट, आपल्यामागून वही कोण लिहील ह्याची तजवीज आपल्या हयातींतच करावी. नानांनीं धन्याच्या मुलास जपलें, पण त्याच्या हातीं लेखणी दिली नाहीं. आपल्या गांवांतही पंचवीस-तीस वर्षें एकाच वडीलधाऱ्याच्या पेटींत वही राहते. तो निष्ठेनें लिहितो, कोणी त्याला विचारीत नाहीं, आणि तो गेल्यावर जमा कोणती व देणें कोणतें हें सांगणारा कोणी सांपडत नाहीं. अशा गृहस्थांस आमची नम्र विनंती आहे कीं, ह्या वर्षीं एखाद्या तरुणास, मुलगा असो वा मुलगी, जवळ बसवून घ्यावें, आणि पुढचें पान त्याच्या हातानें लिहूं द्यावें. तो चुकेल, चूक दाखवून द्यावी, व वही पुन्हां त्याच्याच हातीं द्यावी.